लघवीच्या स्लाइडवर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी कशा ओळखायच्या

डीएमएलटी करून नुकतेच लॅबमध्ये रुजू झालेले तंत्रज्ञ आणि पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर यांच्यासाठी हे लिहितो आहे. गाठीची एफएनएसी (सुईने काढलेल्या पेशींची तपासणी) बघायला ही मंडळी लवकर सरावतात, पण युरिन सायटोलॉजीची, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीची, स्लाइड समोर आली की बिचकतात. बिचकण्याचं कारण खरं आहे. लघवीतली पेशी मूत्राशयाच्या अस्तरावरून गळून पडलेली असते आणि स्लाइडवर येण्याआधी काही तास क्षारांच्या आणि युरियाच्या द्रावणात भिजलेली असते. निरोगी पेशी भिजून भिजून भेसूर दिसायला लागते, तर कर्करोगाची पेशी इतकी झिजते की तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून या कामात डोळ्यांइतकंच महत्त्व नमुना कसा आला याला आहे, आणि नेमकं काय शोधायचं हे आधी ठरवून घेण्याला आहे.

आधी लक्ष्य ठरवा

किडनीतल्या नळ्यांच्या पुढे जिथे लघवी गोळा होते ती पोकळी, दोन्ही युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळ्या), मूत्राशय आणि मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग यांना आतून एकाच प्रकारचं अस्तर असतं, ते म्हणजे युरोथेलियम. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग याच अस्तरातून निघतात. त्यांचे ढोबळमानाने दोन गट: लो-ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक, आणि हाय-ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक. लो-ग्रेड ट्यूमरच्या सुट्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात. त्या स्लाइडवर खात्रीने ओळखता येत नाहीत आणि त्यात तुमच्या नजरेचा दोष नाही. ते ट्यूमर युरॉलॉजिस्टला सिस्टोस्कोपीत (मूत्राशयात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) नजरेला दिसतात, आणि त्यांच्यापासून जिवाला धोकाही तुलनेने कमी असतो.

हाय-ग्रेडची गोष्ट वेगळी. त्यातही कार्सिनोमा इन सायटू, म्हणजे अस्तरातच सपाट पसरलेला हाय-ग्रेड कर्करोग, सिस्टोस्कोपीत नुसता लालसर डाग दिसतो, कधी तोही दिसत नाही. रुग्ण वारंवार जळजळ आणि सतत लघवीला लागण्याची तक्रार घेऊन फिरतो आणि जंतुसंसर्ग समजून उपचार चालू राहतात. या रुग्णाचं निदान लघवीची स्लाइड करू शकते, कारण या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहत नाहीत, सहज गळतात. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ मध्ये लघवीच्या स्मीअरवरून कर्करोग ओळखण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून ही तपासणी टिकून आहे ती याच गुणामुळे.

लघवीच्या स्लाइडचा रिपोर्ट देण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी ‘पॅरिस सिस्टिम’ याच विचारावर उभी आहे. २०१३ च्या पॅरिसमधल्या सायटोलॉजी परिषदेत तिची सुरुवात झाली, २०१६ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये दुसरी. तिचा मुख्य प्रश्न एकच: या लघवीत हाय-ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा आहे का? तुम्हीही स्लाइड लावताना हाच प्रश्न मनात ठेवा. ‘काहीतरी वेगळं दिसतंय का’ असा मोघम शोध घेतलात तर प्रत्येक स्लाइडवर काहीतरी वेगळं सापडेल.

नमुना

सकाळची पहिली लघवी नको. रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या पेशी कुजलेल्या असतात. ही सूचना रुग्णाला स्पष्ट सांगावी लागते, कारण गरोदरपणाच्या तपासणीमुळे ‘सकाळची पहिली लघवी’ हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्या वेळची किंवा दिवसातली कुठलीही ताजी लघवी घ्या. नमुना ३० मिलिलीटरपेक्षा कमी नसावा, ५० ते १०० मिळाला तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी लागोपाठ तीन दिवस तीन नमुने मागवतात. पेशी रोज सारख्या गळत नाहीत, त्यामुळे ही पद्धत योग्यच आहे.

नमुना आल्यावर लगेच करायला घ्या. लगेच जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा किंवा तेवढंच ५० टक्के अल्कोहोल घाला. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या गावाहून दुपारच्या एसटीने आलेल्या बाटलीत संध्याकाळपर्यंत जिवाणूंचं रान माजलेलं असतं. अशा केंद्रांना अल्कोहोल घातलेल्या बाटल्या आधीच पाठवून ठेवणं हाच उपाय.

फॉर्मवर चार गोष्टी हव्यातच: लघवी आपसूक झालेली की कॅथेटरमधून किंवा वॉश करून घेतलेली, मुतखडा आहे का, आधी मूत्राशयाचा कर्करोग होता का आणि त्यावर बीसीजी, मायटोमायसिन (ही दोन्ही औषधं मूत्राशयात सोडतात) किंवा रेडिएशन झालं का, किडनी ट्रान्सप्लांट झालं आहे का. हे कोरं आलं तर वॉर्डला फोन करा. पुढे जी फसवणारी चित्रं येणार आहेत, त्यातली निम्मी या चार उत्तरांनीच सुटतात. विडी-सिगारेट आणि रंगकारखान्यातलं काम यांची नोंद असेल तर तीही वाचा. ॲनिलीन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिलं होतं, आणि तंबाखूचा धूर आजही या रोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. अर्थात, इतिहास वाचून स्लाइड कुठल्या बाजूला झुकवायची नसते. तो फक्त लक्ष कुठे द्यायचं ते सांगतो.

स्लाइड बनवणं

नमुना हलवून एकजीव करा, सेंट्रीफ्यूजमध्ये १५०० ते २००० आरपीएमला ५ ते १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी ओता आणि तळाचा साका घ्या. सायटोस्पिन (पेशी फिरवून थेट काचेवर बसवणारं यंत्र) असेल तर त्यावर स्लाइड करा, नसेल तर साक्याचे स्मीअर ओढा. लघवीत प्रथिनं नसल्यासारखीच असतात, त्यामुळे पेशी काचेला धरत नाहीत आणि स्टेनिंगमध्ये वाहून जातात. अल्ब्युमिन किंवा पॉलिलायसिन लावलेली स्लाइड वापरा.

स्मीअर ओला असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. दोन मिनिटं उशीर झाला आणि स्मीअर हवेत वाळला, तर पॅप (पापानिकोलाऊ) स्टेनमध्ये न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रक, फुगून फिकट आणि पुसट दिसतो, क्रोमॅटिनचा, म्हणजे त्यातल्या डीएनए-द्रव्याचा, पोत हरवतो. या कामात सगळा निकाल क्रोमॅटिनवर लागतो, म्हणून इथली घाई परवडत नाही आणि दिरंगाई तर मुळीच नाही. एखादी स्लाइड गिम्सा या दुसऱ्या स्टेनसाठी मुद्दाम वाळवत असाल तर तिच्यावर तसं लिहून ठेवा. निदान मात्र पॅपवरच करा.

१० एक्सवर सगळी स्लाइड फिरा

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही पट्टा न सोडता. हाय-ग्रेड पेशी कधी शेकड्याने असतात, कधी सगळ्या स्लाइडवर सहा-सात. १० एक्सवर त्या ‘गडद ठिपके’ म्हणून डोळ्यांत भरतात. असा ठिपका दिसला की ४० एक्सवर जा, बघा, परत १० वर या. सुरुवातीला नवे लोक थेट ४० एक्स लावून बसतात आणि पाव स्लाइड बघून थकतात.

या पहिल्या फेरीत पार्श्वभूमीही बघून घ्या. लाल पेशी, पू, बुरशी, स्फटिक, मृत पेशींचा चोथा. खोलवर गेलेल्या ट्यूमरमध्ये चोथा आणि रक्त सापडतं. कार्सिनोमा इन सायटूमध्ये मात्र पार्श्वभूमी बहुधा स्वच्छ असते आणि पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात.

रोजच्या पेशी ओळखीच्या करून घ्या

निरोगी स्लाइड भरपूर बघितल्याशिवाय रोगट पेशी खटकणार नाही. सर्वांत वरच्या थरातल्या अम्ब्रेला पेशी मोठ्या असतात, त्यांत दोन-तीन किंवा त्याहून जास्त न्यूक्लियस असतात, न्यूक्लिओलसही (न्यूक्लियसमधला ठिपका) ठळक दिसतो. नव्या माणसाला पहिली भीती याच पेशी दाखवतात. त्यांचा सायटोप्लाझम (न्यूक्लियसभोवतीचा पेशीरस) बघा: भरपूर, पसरलेला. न्यूक्लियस कितीही असोत, पेशीच्या मानाने ते लहानच आहेत. अम्ब्रेला पेशीवरून कर्करोगाचा संशय घ्यायचा नाही. मधल्या आणि खालच्या थरातल्या पेशी लहान, गोल किंवा लांबट असतात. त्यांचा न्यूक्लियस गुळगुळीत कडेचा, बारीक क्रोमॅटिनचा.

स्त्रियांच्या नमुन्यात योनिमार्गातल्या स्क्वेमस पेशी मिसळलेल्या असतात, त्यांना हरकत नाही. न्यूट्रोफिल (पुवातल्या पांढऱ्या पेशी) सापडले तर त्यांचाही उपयोग करून घ्या. त्यांचा न्यूक्लियस किती काळा रंगला आहे ते बघून आज स्टेन किती चढला आहे याचा अंदाज येतो.

चार खुणा

आता मुख्य काम. हाय-ग्रेड पेशी चार गोष्टींवरून ठरते आणि त्या याच क्रमाने तपासायच्या.

पहिली, एन-सी रेशो. पेशीचा किती भाग न्यूक्लियसने व्यापला आहे ते. हाय-ग्रेडसाठी हे प्रमाण साधारण ०.७ किंवा त्याहून जास्त हवं, आणि ‘अटिपिकल’ (वेगळी दिसणारी, पण खात्री नसलेली) म्हणायलाही ०.५ ओलांडायला हवं. इथे जवळजवळ प्रत्येक नवा माणूस चुकतो, म्हणून जरा थांबतो. हे प्रमाण क्षेत्रफळाचं आहे, व्यासाचं नाही. पेशीचा व्यास १० मायक्रॉन आणि न्यूक्लियसचा ७ असेल, तर डोळा ‘०.७’ म्हणतो. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाने वाढतं: ४९ भागिले १००, म्हणजे ०.४९. ती पेशी हाय-ग्रेड तर सोडाच, अटिपिकलच्या उंबऱ्यालाही पोचलेली नाही. खरोखर ०.७ हवं असेल तर न्यूक्लियसचा व्यास पेशीच्या व्यासाच्या सुमारे ८४ टक्के लागतो.

आजच एक करा. कंपास घेऊन कागदावर १० सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा. एकात मधोमध ७ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून रंगवा, दुसऱ्यात ८.४ सेंटिमीटरचं. पहिल्यात भोवती दीड सेंटिमीटरची पांढरी कड उरते, दुसऱ्यात जेमतेम ८ मिलिमीटर. पहिलं चित्र ०.५ चं, दुसरं ०.७ चं. हा कागद मायक्रोस्कोपशेजारी भिंतीवर चिकटवा. पेशी लांबट असेल किंवा न्यूक्लियस एका बाजूला सरकलेला असेल तर अंदाज आणखी चुकतो. तेव्हा तो न्यूक्लियस मनाने उचलून मधोमध ठेवून बघा. हा एक हिशेब डोळ्यांत बसला की उगाच दिलेले ‘अटिपिकल’ रिपोर्ट झपाट्याने कमी होतात. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

दुसरी खूण, गडदपणा, म्हणजे हायपरक्रोमेशिया. गडद कशाच्या मानाने? त्याच स्लाइडवरच्या निरोगी युरोथेलियल पेशीच्या मानाने. कालच्या स्लाइडशी किंवा पुस्तकातल्या फोटोशी तुलना करू नका, कारण हिमॅटॉक्सिलिन (न्यूक्लियस रंगवणारा रंग) रोज सारखं चढत नाही. संशयित पेशी आणि निरोगी पेशी एकाच फील्डमध्ये आणता आल्या तर सोन्याहून पिवळं.

तिसरी, न्यूक्लियसची कड. फाइन फोकस हळूहळू पुढे-मागे करत पूर्ण परिघ बघा. हाय-ग्रेडमध्ये कड वाकडीतिकडी असते: कुठे खाच, कुठे टोक, कुठे जाडी कमी-जास्त. एखादी घडी निरोगी पेशीतही पडते. तेवढ्यावर जाऊ नका.

चौथी, क्रोमॅटिनचा पोत. जाडाभरडा, गुठळ्या झालेला, आणि त्या गुठळ्यांची वाटणीही असमान. कधी कधी न्यूक्लियस इतका काळा पडतो की आत काहीच दिसत नाही. तशा पेशी हाय-ग्रेडच्याही असतात आणि नुसत्या मेलेल्याही, म्हणून केवळ तेवढ्यावर निकाल देऊ नका. शेजारी चांगल्या जपलेल्या पेशी शोधा.

पेशीचा आकार मोठा असणं ही खूण नाही, हे मुद्दाम सांगतो. हाय-ग्रेड पेशी अम्ब्रेला पेशीपेक्षा बऱ्याचदा लहान असते. ठळक न्यूक्लिओलस हीही खूण नाही. आणि गुच्छात सापडलेल्या पेशींपेक्षा एकट्या पेशींवर जास्त विश्वास ठेवा.

फसवणारी चित्रं

सर्वांत मोठा फसवा बीके पॉलिओमा विषाणू. किडनी ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत तो नेहमी भेटतो, इतरांतही सापडतो. विषाणू शिरलेल्या पेशीचा न्यूक्लियस मोठा, गडद, एन-सी रेशो चढा. म्हणून तर तिला डिकॉय सेल, म्हणजे चकवणारी पेशी म्हणतात. बारकाईने बघितलंत तर न्यूक्लियसची कड गोल, गुळगुळीत असते आणि आतला पोत पूर्ण पुसला जाऊन घासलेल्या काचेसारखा एकसारखा दिसतो. पहिल्या दोन खुणा हजर, पुढच्या दोन गैरहजर. शंका उरली तर एसव्ही४० इम्युनोस्टेन (विषाणूचं प्रथिन दाखवणारा स्टेन) करता येतो. अशा रुग्णात ‘अटिपिकल’ लिहायचं नाही. विषाणूचे बदल दिसले असं लिहून नमुना हाय-ग्रेडसाठी निगेटिव्ह द्यायचा.

मुतखडा आणि उपकरणं यांची फसवणूक वेगळी. खडा अस्तर खरवडतो, कॅथेटर आणि सिस्टोस्कोपही तेच करतात, त्यामुळे पेशींचे मोठाले गुच्छ येतात. काही गुच्छ बोटांसारखे दिसून पॅपिलरी ट्यूमरचा भास होतो. पॅपिलरी म्हणायला मध्यभागी रक्तवाहिनीचा खरा गाभा दिसायला हवा. तो नसेल आणि कडेच्या पेशी निरोगी असतील तर घाबरू नका. आपल्याकडे मुतखड्याचे रुग्ण इतके आहेत की हे चित्र तुम्हाला आठवड्यातून अनेकदा दिसेल.

पुरुषांच्या लघवीत सेमिनल व्हेसिकलच्या पेशी येतात, विशेषतः प्रोस्टेटच्या तपासणीनंतर. न्यूक्लियस मोठा, काळा, वेडावाकडा. सायटोप्लाझममध्ये लायपोफ्युसिन हे सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य शोधा आणि आजूबाजूला शुक्रजंतू आहेत का बघा.

उपचारांच्या खुणा: रेडिएशननंतर पेशी आणि न्यूक्लियस दोन्ही एकत्र फुगतात, त्यामुळे एन-सी रेशो फारसा चढत नाही, आणि सायटोप्लाझममध्ये पोकळ्या दिसतात. मायटोमायसिननंतर अम्ब्रेला पेशी भेसूर होतात. बीसीजीनंतर हिस्टिओसाइट, बहुन्यूक्लियसी महापेशी, लिम्फोसाइट येतात.

मूत्राशय काढून आतड्याची पिशवी किंवा वाट करून दिलेल्या रुग्णाच्या लघवीत आतड्याच्या शेकडो कुजक्या पेशी असतात. एवढ्या गर्दीत हाय-ग्रेड पेशी लपू शकते, म्हणून ही स्लाइड दुप्पट वेळ देऊन बघा. सायटोप्लाझममधले लालसर गोल गोळे म्हणजे मेलामेड-वोलिन्स्का बॉडी. ती कुजण्याची खूण आहे, एवढं माहीत असलं की पुरे.

किती पेशी आणि काय लिहायचं

चारही खुणा असलेल्या, चांगल्या जपलेल्या किमान ५ ते १० पेशी मिळाल्या तर हाय-ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा. खुणा तशाच गंभीर पण पेशी मोजक्याच, तर ‘सस्पिशस’. एन-सी रेशो ०.५ च्या वर आणि बाकीच्या तीन खुणांपैकी एक, तर ‘अटिपिकल’. बाकी सगळं, म्हणजे मुतखडा, संसर्ग, पॉलिओमा, उपचारांचे बदल, ‘निगेटिव्ह फॉर हाय-ग्रेड’ या एका छत्राखाली जातं. पेशीच नसतील किंवा पू-रक्ताने सगळं झाकलं असेल तर ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ लिहायला लाजू नका. कमी पेशींवर दिलेला ‘निगेटिव्ह’ रुग्णाला खोटा दिलासा देतो. तंत्रज्ञांनी संशयित पेशींवर मार्करने ठिपका द्यावा आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे न्यावी. शेवटची सही त्यांची.

क्वचित दुसरेच कर्करोगही भेटतात: प्रोस्टेटचा, मोठ्या आतड्यातून घुसलेला, किंवा स्क्वेमस. स्क्वेमस कर्करोगाचा संबंध इजिप्तसारख्या देशांत शिस्टोसोमा हिमॅटोबियम या जंताशी आहे. त्याच्या अंड्याला टोकाशी काटा असतो. आपल्याकडे हा जंत अपवादानेच ऐकू येतो, तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाची नोंद १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे.

रिपोर्ट गेल्यानंतर

प्रत्येक ‘सस्पिशस’ आणि ‘हाय-ग्रेड’ रिपोर्टची वही ठेवा आणि पुढे बायोप्सीत काय निघालं ते त्याच ओळीत लिहा. बायोप्सीचा निकाल आला की स्लाइड पुन्हा काढून बघा.

कधी असंही होईल की तुम्ही ठामपणे हाय-ग्रेड दिलेलं असेल आणि युरॉलॉजिस्ट फोन करून सांगतील, सिस्टोस्कोपीत काहीच नाही. स्लाइड पुन्हा बघा, वरिष्ठांना दाखवा. खुणा चारही ठाम असतील तर रिपोर्ट मागे घेऊ नका. पेशी सपाट कार्सिनोमा इन सायटूमधून, युरेटरमधून किंवा किडनीच्या पोकळीतून आलेल्या असू शकतात, जिथे मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीची नजर पोचत नाही. फोनवर नेमकं हेच सांगा: वरच्या मार्गाचा सीटी युरोग्राम करा, दोन्ही युरेटरमधून वेगवेगळे नमुने पाठवा, आणि मूत्राशय निरोगी दिसत असला तरी त्याच्या वेगवेगळ्या भागांतून बायोप्सी घ्या.